आटपाडीकडची कच्ची लोकर: धुण्यापासून सुतापर्यंत वापरून पाहिल्यावर

विणकाम करणाऱ्यांना आधीच सांगते, ही लोकर मऊ नाही. बाळाचं झबलं, गळ्याला लागणारा मफलर, उघड्या अंगावर घालायचा स्वेटर असलं काही मनात असेल तर आटपाडी-माण भागातल्या दख्खनी मेंढीची लोकर घेऊ नका. पण बसकर, आसन, खांद्याला अडकवायची पिशवी, शर्टावरून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट हे करायचं असेल तर दुकानातल्या कुठल्याही ॲक्रिलिकच्या गुंड्यापेक्षा मी हीच घेईन. मी साताऱ्यात राहते. शाळेत असल्यापासून विणते. अलीकडे कच्च्या लोकरीपासून रंगीत सुतापर्यंतची सगळी कामं घरातच करते. कच्च्या लोकरीबद्दल आणि तिच्यासाठी घेतलेल्या सामानाबद्दल बऱ्याच जणी विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

लोकर मी आटपाडी तालुक्यातल्या एका धनगर कुटुंबाकडून घेते. तिकडे मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. कातरण्याआधी कळप ओढ्याच्या डोहात नाहीतर तलावाच्या कडेला पोहवून काढतात आणि अंग पुरतं वाळलं की कातर चालते. दख्खनी मेंढी वर्षभरात जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते. मऊ लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या परदेशी मेरिनो जातीची एक मेंढी चार-पाच किलो देते. त्यामुळे ज्यांना नुसते आकडे बघायचे असतात ते दख्खनीकडे तुच्छतेने बघतात. व्यापारी इतका कमी भाव देतो की कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही, आणि मग लोकर बांधावर टाकून दिली जाते. ते ढीग मी बघितले आहेत. चांगली, स्वच्छ, काळीभोर लोकर पावसात कुजत पडलेली बघून जीव तुटतो.

मी किलोला ऐंशी रुपये देते. भाव मीच सांगितला आणि त्याबरोबर एक अट घातली: लोकर निवडून पाहिजे. शेपटाकडची, मांड्यांची, पोटाखालची लोकर लेंड्या आणि मातीने भरलेली असते, ती बाजूला काढायची. त्या घरच्या आक्का हे काम इतकं नेकीने करतात की पोतं उघडलं की बरं वाटतं. “ताई, पोटाखालची नगं तुमाला, ती येगळी काढलीया. आन् जावळ निराळ्या पिशवीत हाय बगा,” असं प्रत्येक वेळी सांगूनच पोतं हातात देतात. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर. ती थोडीच मिळते, तिला मी दुप्पट भाव देते आणि तो वाजवी आहे. सबंध पोत्यात मऊ म्हणावी अशी तेवढीच असते. जावळाची टोपी आतून सुती अस्तर लावून घातली तर अजिबात टोचत नाही.

रंगांत काळी सगळ्यात जास्त. तिच्या खालोखाल करडी, म्हणजे काळे-पांढरे केस मिसळलेली. पांढरी कमी, आणि रंगवायला नवीन माणसाला तीच हवी असते, म्हणून आधी सांगून ठेवावं लागतं. जतकडची माडग्याळ मेंढी पांढरी-तांबडी असते हे बघून काही जणी तिची लोकर मागतात. ती मेंढी मांसासाठी पाळतात. तिच्या अंगावर लोकर विरळ आणि केसाळ असते, कातायला काही कामाची नाही.

आता धुणं. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण चांगली लोकर इथेच नासते.

घरात आणल्यावर पोतं आधी गच्चीवर उन्हात जुन्या चादरीवर पसरायचं. तोंडाला मास्क बांधायचा. धूळ भरपूर निघते, कधी गोचीडही निघतं. मूठ-मूठ लोकर घेऊन झटकायची. मग थंड पाण्यात रात्रभर भिजवायची. मेंढीच्या घामात पोटॅशचे क्षार असतात, ते थंड पाण्यातच सुटतात. सकाळी पाणी चहासारखं तपकिरी झालेलं असतं. ते मी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घालते. दुसऱ्या पाण्यालाही तोच रंग आला तर आणखी एकदा भिजवते.

त्यानंतर गरम पाणी आणि रिठे. किलोभर लोकरीला शंभर ग्रॅम रिठ्याच्या साली आदल्या रात्री भिजवून, उकळून, गाळून घ्यायच्या. पाणी साधारण साठ अंश, म्हणजे हात आत धरवत नाही इतकं. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत लोकर सैल भरून ती पिशवी पाण्यात हलकेच दाबायची आणि वीस मिनिटं तशीच सोडायची. चोळायचं नाही, पिळायचं नाही, वरून नळ सोडायचा नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं किंवा गरमातून एकदम गार पाण्यात घातलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा घट्ट गोळा होतो. तो परत सुटत नाही. म्हणून खंगाळायचं पाणीसुद्धा तितकंच गरम घ्यायचं आणि मग जाळीसकट सावलीत निथळत टांगायचं.

परदेशी मेंढ्यांच्या लोकरीच्या कृती वाचून काही जण भांडी घासायच्या साबणाच्या बाटल्या ओततात. दख्खनी लोकरीत मेण मुळात कमी, तिला रिठा पुरतो. धुण्याचा सोडा तर घालूच नका, खाराने लोकर पिवळी आणि ठिसूळ होते. रिठ्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. आमच्याकडे साताऱ्यात कास तलावाचं पाणी येतं, त्यात कुठलाही साबण चालतो. माझी बहीण विट्याला असते, तिच्याकडे बोअरचं जड पाणी. तिथे साबणाचा पांढरा साका लोकरीला चिकटून बसतो आणि कातताना हाताला मेणचट लागतो. रिठ्याने तसं होत नाही.

वाळली की निवडायची. हे काम सगळ्यात वेळखाऊ आहे आणि मला सगळ्यात आवडतं. माणदेशातल्या लोकरीत गोखरू असतात, बाभळीचे काटे असतात, पण खरा त्रास कुसळांचा. कुसळ जवळून बघा. एका बाजूला टोकदार अणी, आणि अणीच्या मागे उलट्या दिशेने वळलेले बारीक ताठ केस. त्यामुळे ते लोकरीत पुढेच सरकत जातं, मागे येत नाही. शेपटाकडून ओढलं तर तुटतं आणि अणी आतच राहते. सुतात आली तर विणलेल्या कपड्यातून ती नेमकी अंगाला टोचते, आणि लोक म्हणतात लोकरच टोचते. म्हणून अणीच्या बाजूने चिमटीत धरून पुढेच ओढून काढायचं. भुवया कोरायचा चिमटा यासाठी उत्तम. किलोभर कच्च्या लोकरीतून धुऊन-निवडून माझ्या हाती साडेसहाशे-सातशे ग्रॅम उरते, पिंजताना आणखी शंभरेक ग्रॅम जाते. खरेदीचा हिशोब करताना हे धरूनच करा.

मध्यंतरी ऑनलाइन ‘धुतलेली देशी लोकर’ म्हणून मागवली होती. भाव माझ्या लोकरीच्या कितीतरी पट. पिशवीच्या तळाला वाळू आणि लोकरीत कुसळं जशीच्या तशी. धुतलेली घ्यायचीच असेल तर आधी मूठभर नमुना मागवा आणि कागदावर झटकून बघा.

पिंजायला हॅन्ड कार्डरची जोडी लागते, म्हणजे तारेचे दात बसवलेल्या दोन फळ्या. खादीसाठी मिळणाऱ्या कार्डरचे दात कापसाला शोभतील इतके दाट असतात. दख्खनीचा जाड केस त्यात अडकतो आणि तुटतो. विरळ, जाड दातांची जोडी बघून घ्या. ती महाग पडते. नुसतं करून बघायचं असेल त्यांनी कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश घ्यावेत, तीनशे-चारशे रुपयांत काम भागतं. माझ्या कितीतरी लडी त्याच ब्रशांवर पिंजल्या आहेत. पूर्वी हेच काम कमानीने व्हायचं. तिच्या ताणलेल्या दोरीच्या कंपाने लोकर उसळून मोकळी व्हायची. तसा पिंजणारा हात आता सापडणं कठीण.

पिंजलेल्या लोकरीचे बोटाएवढे पेळू, म्हणजे सैल गुंडाळ्या, करायचे आणि कातायचे. दख्खनीचा केस आखूड, बोटाच्या दोन पेरांएवढा, त्यामुळे पेळूतून काततानाच सूत भरदार येतं. साधनांत मी तीन वापरली आहेत. पेटी चरखा कापसासाठी फार सुंदर, पण लोकरीला त्याची चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी फिरती सळई, नको इतकी वेगाने फिरते, सुताला पीळ जास्त बसतो आणि ते दोरीसारखं कडक होतं. चाती लहान असल्याने लगेच भरतेही. कापसाची पितळी टकळी फार हलकी, जाड सुताच्या ओढीने मधेच थांबते. कातारी माणसाकडून लाकडाची, खाली जड चकती असलेली, पन्नास ग्रॅमच्या आसपासची टकळी करून घ्या. शिकायला तिच्यासारखं साधन नाही, आणि खर्च दीड-दोनशे रुपये.

तिसरं साधन धनुष टकळी, आणि माझा जीव तिच्यावर आहे. चाती दोन आधारांवर तिरकी बसवलेली, तिला धनुष्याच्या पट्टीने घासून गती द्यायची, दुसऱ्या हाताने पेळू ओढायचा. किती पीळ बसतो ते पूर्णपणे आपल्या हातात राहतं, आणि जाड लोकरीला नेमकं तेच हवं असतं. हिच्या घडणीत मॉरिस फ्रीडमन यांचा हात होता, ज्यांना भारतानंद म्हणत. हे पोलिश अभियंते औंध संस्थानात येऊन राहिले, आणि 1939 मध्ये औंधच्या राजांनी प्रजेला स्वराज्य देणारी जी राज्यघटना स्वीकारली तिच्या कामातही ते होते. आटपाडी तेव्हा औंधातच होती. या भागातल्या मेंढीची लोकर या टकळीवर कातताना मला दरवेळी आनंद होतो. बाजारात ती सहजी मिळत नाही. मी चित्र दाखवून सुताराकडून करून घेतली, आणि धनुष्याची पट्टी घसरू नये म्हणून तिला राळ लावते.

कातलेलं सूत दुपदरी करायचं, म्हणजे दोन सुतं उलट दिशेने पिळून एक. एकपदरी सुताने विणलं तर कापड तिरकं ओढलं जातं. मग फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या चौकटीवर, लडी करायची, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली थोडं वजन अडकवून वाळवायची. पीळ तिथे स्थिर होतो.

रंग मी लडीलाच देते, लोकर सुटी असताना नाही. सुटी लोकर भांड्यात ढवळली की गोळा होण्याची भीती असते. शंभर ग्रॅम सुताला बारा-पंधरा ग्रॅम तुरटी, पाणी हळूहळू तापवायचं, उकळी फुटू द्यायची नाही, तासभर मंद आचेवर ठेवून भांड्यातच निवू द्यायचं. रंगाची भांडी स्वयंपाकात परत वापरायची नाहीत. आमच्याकडे त्यासाठी स्टीलचं एक पातेलं वेगळंच आहे.

रंगाचं सामान याच मुलखातलं आहे. आटपाडी डाळिंबाची, लोणंद कांद्याचं. डाळिंबाच्या वाळलेल्या साली सुताच्या वजनाइतक्या घेतल्या की पांढऱ्या लोकरीवर मोहरीसारखा पिवळा येतो, आणि तो टिकतो. त्याच रंगाच्या पाण्यात गंजकं लोखंड चिमूटभर पडलं तरी पिवळ्याचा गर्द शेवाळी होतो. लोखंड जास्त झालं तर सूत ठिसूळ होतं, तेव्हा हात आखडता ठेवा. हळदीचा रंग पहिल्या दिवशी डोळे दिपवतो आणि उन्हात काही आठवड्यांत उडतो, विकाऊ वस्तूला हळद वापरणं मला पटत नाही. लाख आणि मंजिष्ठ काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. लाखेचा किरमिजी लोकरीवर जसा चढतो तसा कापसाच्या सुतावर कधीच चढत नाही. मंजिष्ठ जास्त तापवली तर तपकिरीकडे जाते, मंद आचेवर ठेवली तर विटकरी-नारिंगी.

पण मी सगळ्यात आग्रहाने सुचवीन तो करड्या लोकरीवर कांद्याच्या सालींचा रंग. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या गाळ्यांपाशी साली अक्षरशः पायाखाली असतात. विचारून पोतंभर आणा, कोणी नाही म्हणत नाही. करडं सूत या रंगातून काढून उन्हात धरा. पांढरे तंतू तांब्याच्या रंगाचे झालेले असतात, काळे तसेच काळे, आणि मधेमधे काही जाड केस फिकेच राहिलेले असतात. हे केस आतून पोकळ असतात, ते रंग नीट धरत नाहीत. मेरिनोवाले याला दोष म्हणतील. मला त्यामुळेच दख्खनीचा रंग जिवंत वाटतो. एकाच सुतात तीन छटा, आणि कारखान्यात कितीही खटपट केली तरी ती चमक येत नाही. काळ्या लोकरीला मात्र रंग देऊ नका. ती आहे तशीच कातावी.

विणायला सहा मिलिमीटरच्या सुया घ्या, बारीक सुईवर कापड पत्र्यासारखं ताठ होतं. माझ्या यजमानांच्या जाकिटाला साधारण चारशे ग्रॅम सूत लागलं. ते थंडीत पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाताना घालतात. दव आणि झिमझिम वरच्या वर राहते, आतला शर्ट कोरडा. ओल्या लोकरीला मेंढीचा हलका वास येतो, वाळली की जातो. मला तो वास आवडतो, ज्यांना नाही आवडत त्यांनी जाकीट दोन-तीन दिवस उन्हात ठेवावं. पावसाळ्यात कपाटात ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून झटका, नाहीतर कसर लागते. कच्चं पोतं तर पावसाळाभर न धुता ठेवूच नका.

एवढी मेहनत करून शंभर ग्रॅम सूत होतं, त्याची किंमत काय, असं लोक विचारतात. आमच्या ओळखीत मी ते चारशे रुपयांना देते. कोणी घासाघीस केली तर देत नाही. कातण्या-निवडण्याच्या वेळाची मजुरी धरली तर चारशेही कमीच आहेत, आणि स्वस्तात दिलं तर आक्कांना द्यायच्या भावावर गदा येते.

लोकर घ्यायची असेल तर ओळखीच्या धनगर कुटुंबाला कातरणीच्या आधी सांगून ठेवा, कारण कातरून झाल्यावर निवडलेली मिळत नाही, सगळी एकत्र होते. ओळख नसेल तर मेंढ्या-बकऱ्यांच्या बाजारात, लोणंदला किंवा आटपाडीला, विचारा. पहिल्या वेळी दोन किलोपेक्षा जास्त घेऊ नका, आणि त्यात अर्धी करडी घ्या. सुगीनंतर कळप बागायतीत उसाच्या आणि गव्हाच्या रानांत बसवायला बाहेर पडतात, तेव्हा घरी कोणी भेटत नाही, फोन करून जावं. पैसे आधी द्या. पांढरी आणि जावळ हवी असेल तर तसं वेगळं सांगा, आणि पिशव्या आपल्याच घेऊन जा, सुती. प्लास्टिकच्या पिशवीत लोकर घामेजते.